जुन्या फ्लाइंग स्कॉट्समनला डिकोडर आणि आवाज: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

माझ्या काकांनी १९७० च्या दशकात लंडनहून परतताना ट्रायअँग हॉर्नबी या ब्रिटिश खेळणी-कंपनीचे हिरवे फ्लाइंग स्कॉट्समन, म्हणजे त्या नावाच्या प्रसिद्ध ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचे मॉडेल, आणले होते. त्याच्या अंगावरचा ४४७२ हा आकडा आम्हा मुलांना तोंडपाठ होता. अनेक वर्षांनी ते इंजिन माझ्या हाती आले, तेव्हा ते चालत होते खरे, पण ट्रान्सफॉर्मरचा खटका अर्ध्यापर्यंत फिरवला की ते उडी मारून पळे आणि खटका मागे घेतला की जागच्या जागी थबके. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, वाफेचा आवाज काढण्याची त्या काळातली एक गमतीदार योजना होती. आसाबरोबर फिरणाऱ्या खरखरीत पृष्ठभागावर धातूची एक पातळ पट्टी घासत असे आणि त्यातून ‘खर्र खर्र’ असा जो आवाज येई, त्यालाच आम्ही वाफ समजत असू.

आज त्याच टेंडरमध्ये आवाजाचा डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेल्या आज्ञा ओळखून मोटर आणि आवाज चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी, आणि एक छोटा स्पीकर बसलेला आहे. इंजिन मुंगीच्या पावलांनी स्थानकातून सुटते, आणि शिट्टी, इंजेक्टर व कोळसा ओढण्याचे आवाज मागाल तेव्हा ऐकू येतात. तिथपर्यंत पोहोचताना माझा एक डिकोडर जळाला आणि दोन महिने वाया गेले. तुमचे तसे होऊ नये म्हणून मी केलेला क्रम पुढे सविस्तर दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवख्या माणसाचे सगळे लक्ष डिकोडरकडे असते, पण या कामाचा मोठा आणि अवघड भाग डिकोडरचे पाकीट फोडण्यापूर्वीच उरकायचा असतो.

डीसीसी म्हणजे काय, हे थोडक्यात

जुन्या पद्धतीत रुळांमधून शून्य ते १२ व्होल्ट एकदिश प्रवाह सोडला जातो आणि इंजिनाची मोटर थेट रुळांना जोडलेली असते. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो आणि टोके उलटी केली की दिशा बदलते. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर सतत सुमारे १४ ते १६ व्होल्टची चौकोनी लहर असते आणि आज्ञा त्या लहरीच्या लांबीतच दडलेल्या असतात. लहरीचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’ आणि १०० किंवा त्याहून अधिक मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘शून्य’ मानला जातो. या पद्धतीचा पाया जर्मनीच्या लेन्झ कंपनीने घातला आणि अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिला प्रमाणित रूप दिले. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकावर चालतो.

तुमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी की डीसीसीमध्ये मोटर आणि रूळ यांच्यामध्ये डिकोडर उभा असतो. मोटरला रुळापर्यंत जाणारी दुसरी कोणतीही वाट, अगदी केसाएवढी जरी, शिल्लक राहिली, तर रुळावरची वीज डिकोडरमध्ये मागच्या दाराने शिरते आणि डिकोडर क्षणात निकामी होतो.

पायरी १: हे इंजिन बदलावे का, ते ठरवा

इंजिन मूळ खोक्यासह, न वापरलेले आणि निर्दोष असेल तर त्याला हात लावू नका. संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल त्याच्या अस्पर्शित असण्यात असते. माझ्या इंजिनासारखे, मुलांनी खेळून रंग उडालेले इंजिन या कामाला उत्तम.

त्यानंतर चेसिस, म्हणजे चाके आणि मोटर धरणारा धातूचा सांगाडा, नीट पाहा. जुन्या काळी जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम होत असे आणि त्यात शिशाची भेसळ राहिली असेल तर काही दशकांनी तो धातू फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. हा दोष युद्धपूर्व मॉडेलांत जास्त आढळतो, तरी नंतरचीही तपासलेली बरी. भिंगातून कोळिष्टकासारखे बारीक तडे दिसले तर तिथेच थांबा.

हॉर्नबी डब्लोची तीन रुळांची जुनी इंजिने असतील तर त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांची चाके दोन रुळांसाठी अलग केलेली नसतात, त्यामुळे हा लेख त्यांना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

पायरी २: साहित्य आणि कागदपत्रे जमवा

लागणाऱ्या वस्तू बहुतेक ठिकाणी सहज मिळतात. मी माझी खरेदी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केली. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

- बारीक टोकाचे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन असलेली बारीक सोल्डर वायर
- बीप वाजणारा मल्टिमीटर (याच्याशिवाय काम सुरूच करू नये)
- घड्याळजी वापरतात तसे स्क्रू ड्रायव्हर आणि चिमटा
- एक व दीड मिलिमीटरची श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी रोधक नळी) आणि उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, दात कोरायच्या लाकडी काड्या
- शिवणयंत्राचे पातळ तेल
- अतिशय लवचिक, बारीक तारा, शक्यतो डिकोडरच्याच रंगांच्या
- चार टोकांचा एक चिमुकला प्लग

काळी चिकटपट्टी या यादीत मुद्दामच घातलेली नाही. उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो, पट्टी सरकते आणि उघडी तार चेसिसला टेकते.

डिकोडर बहुधा परदेशातून मागवावा लागतो. कुरिअरने आला तर त्यावर सीमाशुल्क बसते आणि माल सोडवण्यासाठी ओळखपत्राची प्रत, म्हणजे आधार किंवा पॅन, तसेच किंमत दाखवणारे बिल द्यावे लागते. ही कागदपत्रे ऑर्डर देतानाच संगणकावर तयार ठेवा. माझे पहिले पाकीट केवळ बिलावर वस्तूचे वर्णन मोघम असल्यामुळे तीन आठवडे अडकून पडले होते. ‘खेळण्यातल्या रेल्वेसाठी इलेक्ट्रॉनिक डिकोडर’ अशा अर्थाचे स्पष्ट वर्णन लिहायला विक्रेत्याला आधीच सांगावे.

पायरी ३: इंजिन आधी जुन्याच पद्धतीने उत्तम चालवा

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. पण जे इंजिन साध्या १२ व्होल्टवर अडखळत चालते ते डिकोडर लावल्यावर जास्तच अडखळते, आणि मग दोष डिकोडरचा की गिअरचा हे कळेनासे होते.

बॉडीचा स्क्रू काढून इंजिन उघडा. ट्रायअँगच्या या काळातल्या इंजिनांत एक्स०४ नावाची उघड्या ठेवणीची मोटर असते. तिचे आर्मेचर (फिरणारा गाभा), कम्युटेटर (गाभ्याच्या टोकाचे तांब्याचे कडे) आणि कार्बन (कम्युटेटरवर टेकून त्याला वीज देणारे तुकडे) डोळ्यांना सरळ दिसतात. जुने ग्रीस घट्ट होऊन गुळाच्या पाकासारखे तपकिरी झालेले असेल; ते अल्कोहोलने पूर्ण काढा. कम्युटेटर कापसाने पुसा आणि त्याच्या तीन भागांमधल्या फटींत साचलेली काळी पूड लाकडी काडीने कोरून काढा. इथे सुई वापरू नका, कारण तांब्यावर ओरखडा उठला की कार्बन लवकर झिजतो. शेवटी आर्मेचरच्या दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब द्या. तेलाचा अंश कम्युटेटरवर जाता कामा नये. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल तेल घालू नये. पुण्याच्या डिसेंबरात ते थिजते आणि इंजिनही त्याच्याबरोबर.

मोटरचे चुंबक मात्र उगाच काढून पाहू नका. त्या काळची अल्निको चुंबके लोखंडी चौकटीबाहेर काढली की त्यांची ताकद कमी होते. चुंबक आधीच दुबळे झाले असेल तर मोटर जास्त वीज घेते, तापते आणि तरीही ओढत नाही. त्यावर उपाय म्हणून हल्ली त्या जागी निओडिमियमचे छोटे तुकडे बसवतात. ते उलटे बसले तर मोटर उलटी फिरते, एवढेच ध्यानात ठेवावे.

जुन्या काळी दूरदर्शन संचावर मुंग्या येऊ नयेत म्हणून मोटरवर एक कपॅसिटर लावलेला असे. तो याच वेळी काढून टाका, कारण मोटरचा वेग मोजण्याच्या डिकोडरच्या कामात तो अडथळा आणतो.

पायरी ४: मोटर किती वीज खाते ते मोजा

मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मोटरबरोबर एका ओळीत जोडा, १२ व्होल्ट द्या आणि दोन आकडे लिहून घ्या. पहिला आकडा मोटर मोकळी फिरत असतानाचा आणि दुसरा चाक बोटाने एखादा सेकंद पूर्ण अडवून धरलेले असतानाचा. त्याहून जास्त वेळ धरू नका, वेटोळे तापते. माझ्या इंजिनाचे हे आकडे साफसफाईनंतर अनुक्रमे ०.४ आणि १.१ अँपिअर असे आले.

डिकोडरची सतत वीज पुरवण्याची क्षमता या दुसऱ्या आकड्यापेक्षा जास्त असली पाहिजे. आधुनिक मोटरींसाठी बनवलेले अगदी छोटे डिकोडर पाऊण अँपिअरच्या आसपास थांबतात, आणि जुन्या मोटरीपुढे त्यांचा निभाव लागत नाही. म्हणून खरेदी या मोजमापानंतर करायची, आधी नाही.

पायरी ५: मोटर चेसिसपासून पूर्णपणे अलग करा

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, तेव्हा इथे एक अख्खी सकाळ राखून ठेवा.

ट्रायअँगच्या रचनेत एका बाजूची चाके आसापासून अलग केलेली असतात. त्या चाकांवर टेकलेली कांस्याची पातळ पट्टी रुळावरची वीज उचलून एका कार्बनला देते. दुसऱ्या बाजूची चाके अलग नसतात. त्यांच्यातून वीज आसात, आसातून चेसिसमध्ये आणि चेसिसमधून दुसऱ्या कार्बनला मिळते. थोडक्यात, संपूर्ण चेसिस हीच एक तार आहे. आपल्याला दुसरा कार्बन या चेसिसपासून सोडवायचा आहे.

एक्स०४ मोटरचे दोन्ही कार्बन केसांच्या पिनेसारख्या वाकवलेल्या एकाच स्प्रिंगने कम्युटेटरवर दाबलेले असतात. स्प्रिंग नीट पाहिली तर तिच्या एका पायावर रोधक नळीचा लहानसा तुकडा चढवलेला दिसेल आणि दुसरा पाय उघडा असेल. त्या उघड्या पायातूनच वीज मोटरच्या चौकटीत जाते. उपाय अगदी साधा आहे. एखाद्या तारेवरचे प्लास्टिकचे आवरण सात-आठ मिलिमीटर लांबीचे सोलून घ्या आणि ते या उघड्या पायावर चढवा. स्प्रिंग काढताना तिच्यावर बोट ठेवा, नाहीतर ती टणकन उडते आणि मग फरशीवर रांगत शोधावी लागते. अनुभवाचे बोल आहेत.

त्यानंतर दोन्ही कार्बनच्या पट्ट्यांना एकेक तार डाग देऊन जोडा, एक नारिंगी आणि एक राखाडी. शक्य असेल तर पट्टी मोटरवरून काढून मगच डाग द्या, कारण आयर्नची उष्णता जास्त वेळ लागली तर रोधक भाग करपतो. कांस्याच्या पट्टीकडून कार्बनकडे येणारी जुनी तार कार्बनपासून सोडवा, पण पट्टीला तशीच राहू द्या. ती पुढे डिकोडरकडे जाणार आहे. शेवटी चेसिसच्या एखाद्या स्क्रूखाली तांब्याची कडी बसवून तिला एक तार जोडा. आता इंजिनातून चार तारा बाहेर येतील, दोन रुळांच्या आणि दोन मोटरच्या.

इथे तीन चाचण्या कराव्यात. पहिली मल्टिमीटरची: नारिंगी किंवा राखाडी तार आणि चेसिस, तसेच त्या तारा आणि कोणतेही चाक, यांच्यात बीप वाजता कामा नये. ही तपासणी करताना आर्मेचर बोटाने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. दुसरी चाचणी अशी की मोटरच्या दोन तारांना थेट १२ व्होल्ट दिल्यावर ती फिरली पाहिजे, आणि एक टोक चेसिसला लावून दुसरे कोणत्याही मोटर-तारेला लावल्यावर ती अजिबात फिरता कामा नये.

तिसरी चाचणी म्हणजे बॉडी चढवून पहिल्या दोन्ही चाचण्या पुन्हा करणे. माझ्या चुकीतून ती मी शिकलो. बॉडी काढलेली असताना माझे सगळे आकडे बरोबर आले होते. पण बॉयलरच्या आत वजनासाठी धातूचा एक ठोकळा असतो आणि माझा डाग जरा उंच झाला होता. बॉडीचा स्क्रू शेवटचा अर्धा फेरा आवळला तेव्हा तो डाग ठोकळ्याला टेकला आणि ठोकळा चेसिसला. इंजिन रुळावर ठेवले, टेंडरच्या फटीतून निळसर धुराची एक रेघ वर आली, जळक्या बेकलाइटचा वास आला आणि एका सेकंदात सगळे संपले. आता मी त्या ठोकळ्याच्या खालच्या अंगाला कॅप्टॉन टेपचे दोन थर देतो.

तुमच्या इंजिनात मोटर टेंडरमध्ये असेल तर ती बहुधा रिंगफिल्ड प्रकारची, म्हणजे गोल असेल. तिथेही एक कार्बन धातूच्या अंगाला जोडलेला असतो. सोडवण्याची रीत प्रत्येक आवृत्तीत थोडी वेगळी असते, पण वरच्या तिन्ही चाचण्या जशाच्या तशा लागू पडतात.

पायरी ६: रुळावरून वीज उचलण्याची सोय वाढवा

साध्या पद्धतीत एखाद्या क्षणी वीज तुटली तर इंजिन नुसते किंचित हिसका देते. आवाजाच्या डिकोडरचे तसे नसते. वीज तुटली की आवाज बंद पडतो आणि पुन्हा आली की इंजिन सुरू होण्याचा सगळा ध्वनी पहिल्यापासून वाजू लागतो. सांध्यांवर हे वारंवार झाले की ऐकवत नाही.

म्हणून टेंडरच्या चाकांवरही कांस्याच्या बारीक तारेच्या पट्ट्या बसवा. त्यासाठी टेंडरची जुनी चाके बदलून दोन्ही बाजूंनी अलग केलेली धातूची चाके घालावी लागतील. यावर आणखी उपाय म्हणून, डिकोडरला जोडायचा कपॅसिटरचा छोटा संच मिळतो आणि तो एखाद्या सेकंदाची खंडित वीज भरून काढतो.

रुळांचीही परीक्षा करा. ट्रायअँगचे मूळ रूळ पोलादी आहेत आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्यांवर दोन आठवड्यांत तांबूस थर चढतो. कोड १०० या मापाचे निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्या. त्याहून बुटक्या, कोड ७५ च्या रुळांवर जुन्या चाकांच्या खोल कडा रूळ धरणाऱ्या खोबणींवर आपटत जातात.

पायरी ७: डिकोडर निवडा

माझ्या मोटरीचा १.१ अँपिअरचा आकडा पाहून मी दीड अँपिअर पेलणारा ईएसयू कंपनीचा लोकसाउंड ५ घेतला. त्याचे माप साधारण ३० बाय १५.५ बाय ५.५ मिलिमीटर असल्यामुळे तो टेंडरमध्ये सहज मावतो. झिमो कंपनीचे डिकोडरही उत्तम समजले जातात. ही खरेदी १०० पौंडांच्या घरात जाते, त्यावर सीमाशुल्क वेगळे. आवाज नको असेल तर साधा डिकोडर याच्या एक चतुर्थांश किमतीत मिळू शकतो, आणि पहिला प्रयोग साध्या डिकोडरवर करावा असा माझा प्रामाणिक सल्ला आहे. जळायचेच असेल तर स्वस्तातले जळावे.

आवाजाचा डिकोडर घेताना दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली अशी की आवाजाची फाइल विक्रेत्याकडूनच भरून घ्या. ती घरी भरायची तर कंपनीचे वेगळे यंत्र लागते आणि एका इंजिनासाठी ते घेणे परवडत नाही. दुसरी गोष्ट, फाइल नेमक्या त्याच जातीच्या इंजिनाची असावी. फ्लाइंग स्कॉट्समन हे तीन सिलिंडरचे इंजिन आहे, त्यामुळे मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे सहा ठोके पडतात. दोन सिलिंडरच्या इंजिनात चारच पडतात. कानाला सवय असलेल्या माणसाला हा फरक खोलीच्या दारातूनच कळतो.

जाता जाता एक आनंदाची बातमी: कोणाकडे आपल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचे मॉडेल असेल तर त्याला भारतीय ध्वनिमुद्रण मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. ते इंजिन मुळात अमेरिकेच्या ॲल्को कंपनीचे असून त्यात १६ सिलिंडरचे २५१ जातीचे यंत्र आहे आणि त्याच यंत्राच्या अमेरिकन फाइली मिळतात. भोंगा तेवढा आपला वाटत नाही.

पायरी ८: तारा जोडा

तारांचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि राखाडी मोटरच्या, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी सर्व दिव्यांची सामाईक धन तार. जांभळ्या-तपकिरी जोड्या स्पीकरच्या किंवा इतर कामांच्या असू शकतात, त्या डिकोडरच्या पत्रकावरून पाहून घ्या.

इंजिन आणि टेंडर यांच्यामधून चार तारा नेताना मधे प्लग ठेवा, म्हणजे पुढे कधी दोन्ही वेगळे करता येतील. प्रत्येक सांध्यावर श्रिंक ट्यूब चढवायची असते आणि ती डाग देण्याआधी तारेत ओवायची असते. हे वाक्य वाचून तुम्ही हसाल, पण दर तीन सांध्यांमागे एकदा तरी विसराल.

न वापरलेल्या तारा मुळापासून कापू नका. प्रत्येकीच्या टोकावर स्वतंत्र ट्यूब लावून त्या गुंडाळून ठेवा. मी नंतर निळ्या आणि पांढऱ्या तारेवर एक हजार ओहमच्या रोधकासह नारिंगी एलईडी जोडला आणि भट्टीचा लुकलुकता उजेड मिळवला.

पायरी ९: स्पीकरला बंद डबी द्या

स्पीकर उघडा ठेवून आवाज लावला तर डास गुणगुणल्यासारखे ऐकू येते. पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना खोडून काढते, त्यामुळे भारदस्त आवाज उरतच नाही. मोबाइलमध्ये असतात तसे ११ बाय १५ मिलिमीटरचे चौकोनी स्पीकर यासाठी सोयीचे पडतात. त्यांच्यासोबत येणारी प्लास्टिकची डबी मागून पूर्ण बंद करा आणि तारा जिथून बाहेर येतात ते भोकही गोंदाने बुजवा. डबी दाबून पाहिल्यावर पडदा किंचित फुगला तर ती हवाबंद झाली असे समजावे.

टेंडरमध्ये स्पीकरचे तोंड खाली करून तळाला चार-पाच छिद्रे पाडता येतात, किंवा तोंड वर करून वरती खऱ्या कोळशाचा विरळ थर देता येतो. मी मूळ टेंडर फोडायला तयार नव्हतो, म्हणून जुनी खरखर यंत्रणा काढल्यावर तळाशी जी मोकळी फट उरली तिचाच उपयोग केला. काढलेली यंत्रणा, जुना कपॅसिटर आणि जुनी चाके एका डबीत नाव लिहून जपून ठेवली आहेत.

स्पीकरचे ओहम डिकोडरच्या पत्रकाशी जुळवून घ्या. आठ ओहमच्या जागी चार ओहमचा लावला आणि डिकोडर तो पेलणारा नसला, तर त्यातला ध्वनीचा भाग जळतो. आणखी एक सावधगिरी बाळगा: स्पीकरमध्ये चुंबक असते, तेव्हा कानस चालवलेल्या टेबलावर तो उघडा ठेवू नका. लोखंडाचा कीस पडद्यावर बसला तर तो निघत नाही.

पायरी १०: नियंत्रक आणि पहिली आज्ञा

तयार नियंत्रक महाग वाटत असेल तर डीसीसी-ईएक्स हा मुक्त प्रकल्प पाहा. आर्डुइनो मेगा हा छोटा संगणक-बोर्ड, त्यावर बसणारे मोटर शिल्ड आणि लॅपटॉपच्या चार्जरसारखा १५ व्होल्टचा पुरवठा एवढ्यात तो उभा राहतो, आणि जेएमआरआय हा मोफत प्रोग्राम वापरून संगणकावरून इंजिनाच्या नोंदी बदलता येतात. मूळ रचनेचे शिल्ड वापरणार असाल तर त्याच्या मागचा ‘व्हीआयएन कनेक्ट’ नावाचा जोड तोडायला विसरू नका, नाहीतर १५ व्होल्ट थेट आर्डुइनोत शिरतात.

नवे जोडलेले इंजिन प्रथम मुख्य मार्गावर ठेवू नये. प्रोग्रामिंगच्या वेगळ्या रुळावर वीज मर्यादित असते, त्यामुळे जोडणीत चूक असली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता राहते. तिथे सीव्ही ८ वाचा (सीव्ही म्हणजे डिकोडरच्या स्मृतीतली क्रमांक दिलेली नोंद). ईएसयूसाठी १५१ आणि झिमोसाठी १४५ हा आकडा आला म्हणजे जोडणी जिवंत आहे. काहीच न आल्यास आधी चाके पुसा, मग तारा तपासा. कपॅसिटरचा संच जोडलेला असल्यामुळेही वाचन कधी कधी होत नाही, तेव्हा तो तात्पुरता सोडवून पाहा.

इंजिनाचा मूळ पत्ता, म्हणजे नियंत्रक ज्या क्रमांकाने त्याला आज्ञा देतो तो, ३ असतो. मी तो ४४७२ असा मोठा ठेवला. सीव्ही २९ मध्ये २ ही नोंद म्हणजे २८ किंवा १२८ वेगपायऱ्या चालू आणि जुन्या एकदिश प्रवाहावर चालणे बंद. मोठा पत्ता असल्यास त्यात ३२ मिळवायचे, म्हणजे ३४. इंजिन उलट्या दिशेने निघाले तर पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवू नका, त्याच नोंदीत १ मिळवला की काम होते.

लोकसाउंडमध्ये जुन्या मोटरीची ओळख करून देण्याची एक सोय आहे. सीव्ही ५४ मध्ये ० लिहायचे आणि मग नियंत्रकावरचे एफ१ हे बटण दाबायचे. त्याबरोबर इंजिन दीडेक सेकंद पूर्ण वेगाने धावते आणि डिकोडर मोटरीचा स्वभाव स्वतः मोजून घेतो. समोर सरळ रूळ किमान एक मीटर मोकळा असू द्या. हे टेबलाच्या कडेजवळ करू नये.

पायरी ११: आवाज जुळवा

बहुतेक डिकोडर कारखान्यातून फार मोठ्या आवाजावर येतात. लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३ आणि झिमोमध्ये सीव्ही २६६ ही एकूण आवाजाची नोंद आहे. ती निम्म्याच्या आसपास आणा. मॉडेल मूळ इंजिनाच्या १/७६ आकाराचे आहे, तेव्हा शेजारच्या खोलीत ऐकू जाणारी शिट्टी खोटी वाटते.

ठोके जुळवण्यासाठी मोठ्या चाकाच्या कडेवर खडूचा एक ठिपका द्या. पहिल्या वेगपायरीवर इंजिन सोडा, जमिनीवर बसून डोळे चाकाच्या पातळीला आणा आणि ठिपका खाली आल्यापासून पुन्हा खाली येईपर्यंत ठोके मोजा. सहापेक्षा कमी-जास्त भरले तर लोकसाउंडमध्ये सीव्ही ५७ आणि ५८, तर झिमोमध्ये सीव्ही २६७ दोन-दोन आकड्यांनी बदलत जा. मला यासाठी एक संध्याकाळ आणि चहाचे तीन कप लागले. डिकोडरला चाक नेमके कुठे आहे ते कळत नाही, तो मोटरीच्या वेगावरून अंदाज करतो, त्यामुळे मोठ्या वेगात थोडी चूक राहते. तिथे ठोके इतके जलद पडतात की ती कोणाच्या लक्षात येत नाही.

पायरी १२: बंद करण्यापूर्वी

इंजिन आणि टेंडर जोडून सर्वांत अरुंद वळणावर दोन्ही दिशांनी हळू चालवा. ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर मधल्या तारा ताणल्या जात असतील तर टेंडरची पुढची चाके उचलली जातात. तारांना थोडा झोळ द्या, पण तो रुळाला लागणार नाही एवढाच. पाऊण तास सलग चालवून मोटरला हात लावून पाहा. कोमट असावी, चटका बसता कामा नये.

पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि टेंडर मिटण्याआधी एका लहान चिठ्ठीवर डिकोडरचे नाव, पत्ता, बदललेल्या सर्व सीव्ही, कोणत्या रंगाची तार कुठे जोडली आहे आणि कामाची तारीख लिहून ती घडी करून आत सरकवा. माझ्या टेंडरमध्ये तशी चिठ्ठी आहे. तिच्या मागच्या बाजूला, जुने मूळ भाग घरातल्या कोणत्या कपाटात ठेवले आहेत, तेही लिहिले आहे.